आकिवाट्यांच्या विहिरीतलं गाळणं

बाळासो आकिवाटे पाटबंधारे खात्यात होते, हे खरं. पण त्या खात्यात ते रजेचे अर्ज बघत. कुणाची अर्जित रजा किती शिल्लक आहे, कुणाचं आजारपण खरं आणि कुणाचं मेव्हण्याच्या लग्नापुरतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. धरण मात्र त्यांनी सहलीलाच पाहिलेलं. पण कोल्हापुरात, उचगाव रस्त्याच्या त्या वसाहतीत, हे ऐकून कोण घेणार? नळाला पाणी आलं नाही की लोक बाळासोंच्या दारात. गढूळ आलं की बाळासोंच्या दारात. एकदा तर पाऊस लांबला म्हणून शेजारच्या तानाबाईंनी त्यांनाच फैलावर घेतलं. "दिवसभर काय करत बसता वो हापिसात?" बाळासो अशा वेळी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत. अपमान झाला की चष्मा पुसायचा, ही त्यांची सवय. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो इतका पुसला गेला की काचा कशा टिकल्या हेच नवल.

सुरुवात आक्कांनी केली. आक्का म्हणजे बाळासोंच्या आई. वय ऐंशीला टेकलेलं, आवाज मात्र विशीतला. सकाळी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "महाराज येणार हायत. चातुर्मासाला पुढं जाताना चार दिस आपल्या बस्तीत मुक्काम हाय. मी चौका लावणार. आणि पाणी आपल्या हिरीचं."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत आहार घेतात. पाणीसुद्धा तेव्हाच, आणि तेही विहिरीचं, गाळून उकळलेलं. नळाचं चालत नाही. कुणाच्या दारात थांबायचं हे ते आधी सांगत नाहीत. सकाळी मनात काहीतरी खूण धरून निघतात. ती दिसली तर त्या घरी आहार, नाही दिसली तर त्या दिवशी उपास. म्हणून घरोघरचे लोक चौका लावतात, म्हणजे सोवळ्यानं स्वयंपाक करून कलश-नारळ घेऊन दारात उभे राहतात आणि वरवर शांत दिसत असले तरी मनातून म्हणत असतात, आमचाच नारळ दिसू दे रे देवा.

आक्कांच्या दारात आजवर एकही महाराज थांबले नव्हते. कधी गल्लीच्या तोंडावरून वळले, कधी शेजारच्या दारापर्यंत येऊन फिरले.

"तुज्या आण्णांनी ही हीर खणली तवा म्हणालेले, हिचं पाणी एक दिस महाराजांच्या ओंजळीत पडंल बघ," आक्का म्हणाल्या. "ते ऱ्हायलं आणि आण्णा गेले. मला तेवढं बघून जायचंय. दुसरं काय मागितलंय का रं तुज्याकडं आजवर?"

आक्कांनी आजवर पुष्कळ काही मागितलं होतं. गेल्याच आठवड्यात पाटा टाकी लावून मागितला होता. पण ही वेळ ते काढायची नव्हती, एवढं बाळासोंना कळत होतं. आईचे डोळे भरलेले त्यांनी आण्णा, म्हणजे वडील, गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिले. ते म्हणाले, "लावूया की चौका. त्यात काय?"

त्यात काय, ते परसात गेल्यावर दिसलं. विहिरीचं पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं हिरवं झालं होतं. वसाहतीला नळ आल्यापासून विहिरीकडं कुणी फिरकत नव्हतं. एकट्या आक्का स्वतःपुरत्या दोन कळश्या काढत. पालिकेचा माणूस मागं पांढरी पावडर टाकायला आला होता, पण "किती जीव मरतील रं तुज्या त्या पावडरीनं!" म्हणून आक्कांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. मग हिवतापवाल्यांनी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आणले. तेही आक्कांनी परत पाठवले असते, पण त्या दिवशी त्या बस्तीत होत्या. एकूण विहिरीचं सगळं आक्कांच्या परवानगीनं किंवा आक्कांच्या गैरहजेरीत चाले.

विहिरीतून पाणी काढायची आक्कांची पद्धत होती. दुहेरी कापडातून गाळायचं, आणि कापडात राहिलेले बारीक जीव टाकून द्यायचे नाहीत. कापड उलटं धरून धुवायचं आणि ते पाणी त्याच विहिरीत परत सोडायचं. वरून ओतायचं नाही, जिवांना लागतं. कळशी पार पाण्याला टेकेपर्यंत सोडून अलगद रिकामी करायची. ह्याला जिवाणी म्हणतात. आता मात्र पाणी इतकं दाट झालं होतं की कापडातून थेंब गळेना.

वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तानाबाई म्हणाल्या, "तुरटी फिरवा, तुरटी." बस्तीच्या समितीचे प्रमुख बापूसो नरदे म्हणाले, "मोटार लावून उपसून टाका की. एका दिवसाचं काम हाय." त्यावर आक्कांनी विचारलं, "आणि त्यातले जीव? गटारात?" बापूसोंनी जीभ चावली. समितीचा प्रमुख असून त्यांना हे सुचायला नको होतं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की पाण्याच्या खात्यातला माणूस घरात असताना हा प्रश्न पडावा हीच शरमेची गोष्ट आहे. बाळासोंनी चष्मा पुसला.

तोडगा निघाला तो समोरच्या प्रसेनजीत कांबळे सरांकडून. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. माणूस सज्जन, पण कुठल्याही प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणता न येणारा. ते एका संध्याकाळी दोन काचेच्या बरण्या घेऊन आले. दोन्हींत आकिवाट्यांच्या विहिरीचंच पाणी भरलं. एका बरणीत कॉलेजच्या टाकीतला एक शिंपला सोडला. नदीतला, काळपट, तळहाताएवढा.

"उद्या सकाळी बघा," सर म्हणाले.

सकाळी एक बरणी तशीच हिरवी होती. दुसरीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. तळाला तो शिंपला जरासं तोंड उघडून बसला होता.

"हा एका बाजूनं पाणी आत ओढतो, आत गाळतो, आणि दुसऱ्या बाजूनं स्वच्छ करून सोडतो. दिवसभर तेच काम," सरांनी सांगितलं. "नद्या, तळी हेच स्वच्छ ठेवतात. आपल्याला पत्ताही नसतो."

आक्का बरणीला डोळे लावून बसल्या. "हे बी पाणी गाळूनच पितंय की रं!" त्या बाळासोंना म्हणाल्या. "मग हे आपल्यातलंच म्हणायचं."

झालं. पोतंभर शिंपले आणायचं ठरलं. सरांना पेपर तपासायचे होते, म्हणून बाळासो एकटेच निघाले. त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच कारण लिहिताना अडखळून किरकोळ रजा टाकली. शेवटी 'घरगुती कारण' असं लिहिलं. हे कारण दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यांनीच लाल शाईनं खूण करून चौकशीला धाडलं असतं.

नृसिंहवाडीला घाटाच्या बऱ्याच खाली, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी धोतर वर खोचलं आणि ते पाण्यात उतरले. पायानं चिखल चाचपायचा, टणक लागलं की वाकून काढायचं, असं सरांनी शिकवलं होतं. कपडे धुणारी एक बाई बराच वेळ बघत होती.

"पावणं, काय हुडकताय? अंगठी पडली काय?"

"न्हाय वो. शिंपले."

"अगं बया! मग हितं काय करताय? तिकडं वळणाला बघा, ढिगानं हायत. आणि रश्श्यात खोबरं जरा जास्त घाला. न्हायतर वास येतोय."

बाळासो "बरं बरं" म्हणाले. ज्या माणसानं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, त्यानं शिंपल्याच्या रश्श्याची पद्धत मान हलवत ऐकून घेतली. बाईनं मसाला कुठला वापरायचा तेही सांगितलं. बाळासोंनी तेही ऐकलं, कारण मधेच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

परतीच्या एसटीत त्यांनी ओलं पोतं सीटखाली सरकवलं आणि देवाचं नाव घेतलं. हातकणंगल्याला नेमका अनेकांत चढला. अनेकांत म्हणजे बाळासोंची बायको विजयमाला, तिचा मामेभाऊ. गावातलं एखादं गुपित त्याच्यापासून लपलं असेल तर ते घडलंच नसेल.

"दाजी! हिकडं कुठं? आणि पोत्यात काय?"

बाळासो गोंधळले. समोर जे सुचलं ते बोलून गेले. "बटाटे."

बोलल्यावर चूक ध्यानात आली. आक्कांच्या घरात कंदमुळं येत नाहीत, हे अख्ख्या नातेवाईकांत माहीत होतं. अनेकांतचं तोंड उघडंच राहिलं. "आक्कांच्या घरात बटाटे?" तेवढ्यात पोत्यातल्या कुणीतरी टक्कन शिंपा मिटला आणि पाण्याची बारीक चिळकांडी उडून अनेकांतच्या पँटवर पडली.

"दाजी," अनेकांत खाली वाकून म्हणाला, "बटाटे थुकत न्हाईत."

बाळासो घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. विजयमाला दारात उभी होती. "अनेकांतचा फोन आलता. आधी बटाटे म्हणाला, मग शिंपले म्हणाला. दोन्हीतलं काय खायला लागलाय तेवढं सांगा. म्हणजे मला माहेरी काय सांगायचं ते ठरवता येईल."

"विजू, अगं विहिरीत सोडायला आणलेत."

"हे त्याला का न्हाय सांगितलं?"

खरं बोलायचं सोडून बटाटे का म्हणालो, हे त्यांनाही कळत नव्हतं. रात्री जेवताना विजयमालेनं त्यांच्या ताटात काही न बोलता वाढलं, आणि तिचं न बोलणं वसाहतीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असावं.

शिंपले आक्कांनी स्वतः सोडले. जिवाणीसारखेच, कळशीत थोडे थोडे घेऊन, पाण्याला टेकवून, तोंडानं णमोकार मंत्र म्हणत. त्यानंतर बाळासो रोज सकाळी दात घासायच्या आधी विहिरीत डोकावत. आठवडाभर काही दिसेना. मग एका सकाळी पायरी दिसली. मग त्याखालची. मग एके दिवशी विहिरीचा तळ दिसला, आण्णांनी लावलेले दगड दिसले, आणि बाळासो तसेच तोंडात ब्रश धरून गल्लीत ओरडत गेले.

वसाहत लोटली. बाळासोंना खात्यात इतकी वर्षं काढून पहिल्यांदा पाण्याबद्दल शाबासकी मिळाली. "व्हय, तसं ते तंत्र हाय एक," ते म्हणाले, जणू ते तंत्र त्यांनीच काढलं होतं. हा मोठेपणा त्यांना जेमतेम पाच मिनिटं पुरला. तानाबाई कठड्यावरून खाली वाकल्या आणि किंचाळल्या, "माजी घागर!"

तळाला, चिखलात आडवी, तानाबाईंची पितळी घागर होती. ती हरवून कित्येक वर्षं झाली होती, आणि ती विजयमालेनं ढापली असा तानाबाईंचा जाहीर आरोप होता.

"बघा, बघा! मी म्हणत नव्हते, घागर ह्यांच्याकडंच हाय!"

"विहिरीत हाय, घरात न्हाय!" विजयमाला उसळली. "तुमीच पाणी काढायला आलता आणि हातातनं सोडली असंल!"

"विहीर कुणाची? तुमचीच की!"

तानाबाई घागर काढायला गळ टाकायला निघाल्या, तर सर धावत आले. घागरीत शिंपले बसले आहेत, आता तळ हलवू नका, सगळं गढूळ होईल. तानाबाईंनी ऐकून घेतलं, पण रोज सकाळी येऊन त्या आपली घागर बघून जाऊ लागल्या. विहिरीला त्यांचीही एक खेप वाढली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पाणी स्वच्छ झालं, ऊन तळापर्यंत पोचलं आणि तळाला गवत उगवलं. लांब, हिरवं, पाण्याखाली डोलणारं. गवतात बेडूक आले. कुठून आले कोण जाणे. गप्पी मासे आता वरून स्पष्ट दिसत, म्हणून खंड्या यायला लागला. तो कठड्यावर बसे, सूर मारी आणि मासा घेऊन जाई. आक्कांनी ते पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. बाळासो सकाळी ऑफिसला जायच्या आधी छत्री घेऊन खंड्याला हाकलू लागले. आकिवाटे उन्हाळ्यात छत्री उघडून विहिरीभोवती पळतात, ही बातमी ऑफिसपर्यंत गेली.

"सर, हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"उत्तम झालं!" सर आनंदानं म्हणाले. "आता ही नुसती विहीर नाही राहिली. परिसंस्था झाली. एक जीव दुसऱ्याला धरून असतो बघा. शिंपल्यांची पिल्लं तर माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात."

"मला परिसंस्था नको हुती वो, सर. मला पाणी पायजे हुतं."

"ते वेगळं मिळत नाही," सर म्हणाले.

आक्का हे सगळं पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी मधेच विचारलं, "प्रसेन, एक सांग. हे पाणी गाळतात, ते कळलं. गाळलेलं काय करतात?"

सरांनी बाळासोंकडे पाहिलं. बाळासोंनी मान हलवून नको नको म्हटलं. पण सरांना खोटं बोलता येत नव्हतं. "खातात, आक्का."

"काय खातात?"

"हिरवे बारीक कण. सूक्ष्म जीव."

"म्हंजे जिवाणी सोडत न्हाईत परत?"

"तसं... सगळं नाही खात. नको असलेलं चिकटवून त्याची गोळी करतात आणि बाहेर टाकतात. ती तळाला पडते. त्यावर दुसरे बारके जीव जगतात."

"मग तेवढी जिवाणी सोडतात की," आक्का जरा सावरून म्हणाल्या.

"किती सोडतात, किती खातात?" बाळासोंनी विचारलं.

"ते पाण्यावर अवलंबून आहे," सर म्हणाले, आणि बाळासोंना त्यांना विहिरीत ढकलावंसं वाटलं.

त्या दिवसापासून बाळासोंच्या डोक्याचं भजं झालं. शिंपले आणले कुणी? त्यांनी. मग शिंपले जे खातात ते पाप कुणाचं? पण शिंपल्यांना बाहेर काढलं तर ते उन्हात मरणार. आत ठेवले तर खाणार. खाऊ दिलं नाही तर उपाशी मरणार. पाणी आधीपेक्षा शुद्ध आहे की आधीपेक्षा पापी? रजेच्या अर्जांत असं नसतं. तिथं मंजूर किंवा नामंजूर. इथं दोन्ही शिक्के एकाच कागदावर उमटत होते. विजयमाला म्हणाली, "विचार करू नका, तुमास्नी सवय न्हाय." ती बरोबर बोलत होती, पण तिनं बोलायला नको होतं.

मग बापूसो नरदे समितीची दोन माणसं घेऊन विहीर बघायला आले. खाली वाकले आणि खूश झाले. "झकास! आरसाच की!" तेवढ्यात बरोबरचा एकजण त्यांच्या कानाला लागला. अनेकांतचं तोंड इथवर पोचलं होतं.

"बाळासो," बापूसो घसा खाकरून म्हणाले, "लोक म्हणत्यात तुमच्यात शिंपले खातात."

"खात न्हाय. पाळलेत."

"पाळलेत! हे तर आनखी नवीन."

बाळासोंनी सगळं समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितके बापूसो मागं सरकत गेले. समितीनं पेरूच्या झाडाखाली उभ्यानं बैठक घेतली. बैठक लांबली. अखेर बापूसोंनी निर्णय सांगितला, "पाणी शुद्ध का अशुद्ध, ते समितीला ठरवता येत न्हाय. तसं दारात 'आहारजल शुद्ध' हे यजमानानंच म्हणायचं असतंय. तुमी म्हणणार असला तर तुमची जबाबदारी. न्हायतर माझ्या विहिरीचं पाणी न्या, माझी ना न्हाय."

"तुमच्या विहिरीचं पाणी आणायचं तर चौका तुमच्याच दारात लावते की!" आक्का कडाडल्या. बापूसो गेल्यावर मात्र त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "बाळू, तू म्हणशील न्हवं? शुद्ध हाय म्हणून?"

"म्हणीन की," बाळासो म्हणाले. आपण हे कसं म्हणणार, ते त्यांना अजिबात कळत नव्हतं.

महाराज आले. पहिले तीन दिवस दुसऱ्या घरांत आहार झाला. चौथ्या दिवशी, मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी, गल्लीत दोन्ही बाजूंना सोवळ्यातले लोक उभे होते. कुणी आंब्याचा डहाळा धरलेला, कुणी दोन कलश, कुणी कलशावर कलश. महाराजांच्या मनातली खूण काय असेल याचा ज्यानं त्यानं आपापला अंदाज बांधलेला. आक्का नुसता नारळ धरून उभ्या होत्या. बाजूला विजयमाला, आणि पुढं धोतर-उपरण्यातले बाळासो.

महाराज बापूसोंच्या दारावरून पुढं गेले. तानाबाई समोरच्या कट्ट्यावरून टाचा उंच करून बघत होत्या. महाराज आकिवाट्यांच्या दारापाशी आले, आणि थांबले.

"हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" आक्का म्हणाल्या. तिघांनी प्रदक्षिणा घातल्या. मग बाळासो हात जोडून समोर उभे राहिले. आता तेवढं एक वाक्य म्हटलं की महाराज आत येणार.

"मनशुद्धी," बाळासो म्हणाले. "वचनशुद्धी." इथं त्यांना बटाटे आठवले. "कायशुद्धी. आहारजल..."

आणि ते थांबले.

विजयमालेनं कोपर मारलं. बापूसो लांबून खोकले. बाळासोंनी पुन्हा 'आहारजल' म्हटलं आणि पुन्हा थांबले. मग धरणाचे दरवाजे उघडावेत तसे ते सुटले.

"महाराज, पाणी दुहेरी कापडानं गाळलंय, उकळलंय, ते मी शपथेवर सांगतो. पण त्याच्या आधी विहिरीत शिंपले हायत. मीच आणले, वाडीस्नं, एसटीनं. त्यांनी पाणी स्वच्छ केलं. पण ते गाळलेलं खातात. सगळं न्हाय खात, थोडं सोडतात. किती ते सर सांगत न्हाईत. त्यात गवत झालंय, बेडूक हायत, एक घागर हाय, ती आमची न्हाय. आता ह्याला शुद्ध म्हणायचं का अशुद्ध, मला खरंच कळत न्हाय, महाराज."

आहाराला निघालेल्या मुनींचं मौन असतं. महाराजांचा चेहरा जसा होता तसाच राहिला. बाळासोंना वाटलं, संपलं. आईची एवढी एक इच्छा, तीही दारापर्यंत चालत आलेली, आपण तोंडानं हाकलून लावली. त्यांना रडू यायला लागलं. आक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

महाराज वळले. पण रस्त्याकडे नाही. घराच्या कडेनं ते परसात गेले. मागं अख्खी गल्ली, पाय न वाजवता. महाराज विहिरीपाशी उभे राहिले आणि वाकून बराच वेळ खाली बघत राहिले. मग आले तसे परत दारासमोर येऊन उभे राहिले.

ह्याचा अर्थ काय, ते कुणालाच कळेना. "परत म्हणायला पायजे बहुतेक," बापूसो पुटपुटले. बाळासो उपरण्यानं चष्मा पुसत होते.

तेव्हा आक्का पुढं झाल्या. आवाज तोच विशीतला. "मनशुद्धी. वचनशुद्धी. कायशुद्धी. आहारजल, बाळूनं आत्ता सांगितलं तसं हाय. त्यात खोटं कायबी न्हाय. घरात यावं, महाराज."

महाराज आत आले.

पाणी आक्कांनीच दिलं. तांब्याची धार महाराजांच्या ओंजळीत पडत होती आणि आक्कांच्या डोळ्यांची धार थांबत नव्हती. विजयमाला त्यांचा दंड धरून उभी होती. आण्णा असते तर काय म्हणाले असते, हे त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं मनात म्हणून पाहिलं. पाणी पिऊन झालं.

आहार झाल्यावर मौन सुटतं, आणि यजमानानं काहीतरी नियम घ्यायचा असतो. कुणी चहा सोडतं, कुणी रात्रीचं जेवण. बाळासोंनी मनाची तयारी तंबाखूपर्यंत नेली होती.

महाराजांनी विचारलं, "विहिरीतले ते जीव स्वतःहून आले होते का?"

"न्हाई महाराज. मी आणले."

"विचारून आणले?"

बाळासोंना आधी वाटलं, समितीला विचारून का. मग त्यांच्या ध्यानात आलं, कुणाला ते. त्यांनी मान खाली घातली.

"मग आता नियम घ्या," महाराज म्हणाले. "ते आहेत तोवर ही विहीर आटू द्यायची नाही."

"घेतला," बाळासो म्हणाले. तंबाखू वाचली म्हणून त्यांना हायसं वाटलं. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि ते बस्तीकडे चालू लागले.

संध्याकाळी सर आले तेव्हा बाळासोंनी सहज विचारलं, "सर, हे शिंपले जगतात किती?"

"आपल्याकडच्यांचा नीट अभ्यास झालेला नाही," सर म्हणाले. "पण बरीच वर्षं जगतात. परदेशातल्या काही जाती शंभरी गाठतात. आणि तुमच्याकडे मासे आहेत, म्हणजे पिल्लंही होणार. म्हणजे तसं बघितलं तर संपणारच नाहीत."

बाळासो खाली बसले आणि हिशेब करू लागले. दर मे महिन्यात विहिरीचं पाणी कंबरेखाली जात होतं. त्यांना निवृत्त व्हायला थोडीच वर्षं उरली होती. गुडघे आत्तापासूनच कुरकुरत होते.

"आक्का, ऐकलंस काय? मी सत्तरीचा झालो तरी विहिरीत पाणी ओतत बसायचं का मी?"

आक्का पायरीवर बसल्या होत्या. इतक्या खूश त्या आण्णा असताना दिसत. "मग काय झालं? मला घोर लागलेला, मी गेल्यावर तू सकाळी उठून आदी कुणाकडं बघशील म्हणून. आता ही हीर हाय, त्येची काळजी मिटली की रं."

बाळासो उठले आणि विहिरीत पाणी किती आहे ते बघायला गेले.